युसी ट्रान्सफरचा रिझल्ट येईपर्यंत काय करायचं, आणि तिकडे आपली अ‍ॅप्लिकेशन वाचतात कशी

मार्च उजाडला की माझ्या फोनवर तेच मेसेज यायला लागतात. ताई, माझ्या मैत्रिणीचा डेव्हिसचा रिझल्ट आला, माझा नाही आला, म्हणजे माझं गेलं का? ताई, पोर्टलवर काल एक लिंक दिसत होती ती आज नाहीये, काय समजू? ही सगळी आपलीच मुलं, कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून युसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला (डेव्हिस, अर्व्हाइन, यूसीएलए, बर्कली हे तिचेच कॅम्पस) ट्रान्सफर मागणारी, कुणी फ्रीमाँट-क्युपर्टिनोत लहानाचं मोठं झालेलं तर कुणी माझ्यासारखं पुण्यात एफवाय करून इकडे आलेलं. मी या रांगेत उभी राहिलेय आणि त्या दिवसांत जेवण कसं जात नाही ते मला चांगलं आठवतंय, म्हणून दरवर्षी एकेकाला जे सांगते ते सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी तारखा डोक्यात पक्क्या करा, कारण निम्मी घालमेल तारखा माहीत नसल्यानेच होते. अ‍ॅप्लिकेशन नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत बंद होते. जानेवारीत ट्रान्सफर अ‍ॅकॅडेमिक अपडेट (नवे ग्रेड आणि पुढचे कोर्स कळवायचा फॉर्म) भरायचं असतं, त्याची मुदत ३१ जानेवारी. त्यानंतर मार्चपासून एप्रिलअखेरपर्यंत रिझल्ट येतात, प्रत्येक कॅम्पस आपापल्या वेळेला. ट्रान्सफरवाल्यांना जागा पक्की करायची शेवटची तारीख १ जून असते (१ मे ही फ्रेशमनची, म्हणजे बारावीनंतर थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांची, ती बघून घाबरू नका, दरवर्षी कुणीतरी घाबरतं). म्हणजे अ‍ॅप्लिकेशन टाकल्यापासून पाच महिने. एवढ्यात संक्रांत होते, पाडवा होतो, आणि पाडव्याच्या दिवशी घरी श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन सगळे विचारतात, "काय गं, कळलं का काही?" नाही कळलेलं, काका, आणि कळायची वेळही झालेली नाही. हे एवढं उत्तर पाठ करून ठेवा, दुसरं काही द्यायची गरज नाही.

काही कॅम्पस टप्प्याटप्प्याने रिझल्ट सोडतात. आज एका मेजरची (म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाची) काही मुलं, पुढच्या आठवड्यात आणखी काही. यूसीएलए आणि बर्कली साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात आणि बहुतेक सगळ्यांचं एकदमच सांगतात. त्यामुळे मैत्रिणीचा आला आणि तुमचा नाही आला याचा अर्थ फक्त एवढाच की तुमचा अजून आला नाही. उशीर म्हणजे नकार, असं काही गणित नाहीये.

आत फाइल वाचतात कशी

आता जे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी शांत झोपले असते ते. युसीची अ‍ॅप्लिकेशन एकच असते पण ती नऊ कॅम्पसपैकी तुम्ही निवडलेल्या प्रत्येकाकडे वेगवेगळी जाते, आणि प्रत्येक कॅम्पस ती स्वतंत्रपणे वाचतो. तुम्ही आणखी कुठे कुठे अर्ज केलाय हे त्यांना दिसत नाही. एका कॅम्पसने नाही म्हटलं म्हणून दुसरा नाही म्हणेल असं होत नाही, आणि अर्व्हाइनचा होकार आला म्हणून यूसीएलएचा येईलच असंही नाही. माझ्या बाबतीत ज्या कॅम्पसचं मी मनात धरून चालले होते की इथे तर मिळणारच तिथून नकार आला आणि ज्याची आशा सोडली होती तिथे मिळालं. मी आधी हे "नशीब" म्हणून सोडून दिलं होतं, पण नंतर दोन्हीकडच्या मेजरच्या रिक्वायरमेंट शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा लक्षात आलं की एका ठिकाणी मॅथचा एक कोर्स जास्त मागितला होता आणि तो माझा झालेला नव्हता. एवढं साधं कारण असू शकतं.

तर पहिली गोष्ट ते बघतात ती म्हणजे तुम्ही थर्ड इयरला बसायला पात्र आहात का. ट्रान्सफर होणारे ६० सेमेस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट, कॉलेज सेमेस्टरवर चालतं की क्वार्टरवर त्यानुसार), इंग्लिशचे दोन कोर्स, मॅथचा एक, आणि बाकी चार कोर्स आर्ट्स, सोशल सायन्स, सायन्स यातल्या किमान दोन गटांतले. जीपीए, म्हणजे ग्रेडची ४ पैकी सरासरी, किमान २.४, कॅलिफोर्नियाचे रेसिडेंट नसाल तर २.८. हा उंबरठा आहे, तो ओलांडला म्हणजे घरात घेतलं असं नाही, पण तो ओलांडल्याशिवाय पुढचं बोलणंच नाही.

दुसरी गोष्ट मेजर, आणि माझ्या मते ट्रान्सफरमध्ये सगळ्यात वजनदार हीच. बारावीनंतर येणाऱ्या मुलांकडे बघताना ते पूर्ण मुलगा बघतात, काय काय करतो, कुठे पोचू शकतो. तुम्ही मात्र तिसऱ्या वर्षात येणार, आल्या आल्या मेजरचे अवघड कोर्स सुरू होणार, मग पाया झालाय का हे बघणं ओघानंच आलं. मी इकॉनॉमिक्सला टाकलं होतं, तिथे मायक्रो, मॅक्रो आणि कॅल्क्युलस झालंय का, कितीत झालंय, हे आधी बघणार. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, नर्सिंग असल्या मेजरना जागा कमी आणि मागणारे खूप, तिथे एक कोर्स राहिलेला असला तरी जाणवतो. त्याच कॅम्पसच्या दुसऱ्या एखाद्या मेजरला तीच फाइल आरामात चालून गेली असती. म्हणून "यूसीएलएला किती टक्के घेतात" हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. एकूण आकडा सांगायचा तर तिथे ट्रान्सफर मागणाऱ्यांत साधारण चारात एकाला मिळतं, पण मेजरप्रमाणे तो इतका बदलतो की त्या सरासरीवरून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

खरा आकडा हवा असेल तर युसीच्या साइटवर मेजरप्रमाणे ट्रान्सफरचं पान आहे, प्रत्येक कॅम्पस, प्रत्येक मेजर, किती जणांनी मागितलं, किती जणांना मिळालं, आणि मिळालेल्यांच्या जीपीएची रेंज. ही रेंज कशी वाचायची ते नीट समजून घ्या कारण नव्वद टक्के मुलं चुकीची वाचतात. समजा ३.५ ते ३.९ असं लिहिलंय. मुलं म्हणतात माझा ३.४५ आहे, म्हणजे संपलं. अरे, ते मिळालेल्यांपैकी मधल्या अर्ध्या लोकांचं आहे, खालचा आकडा हा पंचवीस टक्क्यांचा आहे. म्हणजे ज्यांना प्रवेश मिळाला त्यांतल्याच चारातल्या एकाचा जीपीए त्या ३.५ च्या खाली होता! आणि वरच्या टोकाच्या पुढे गेलात म्हणजे पक्कं असंही तो आकडा म्हणत नाही. रात्री दीड वाजता कॅल्क्युलेटर घेऊन बसणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितेय.

तिसरं म्हणजे संदर्भ. अ‍ॅप्लिकेशन माणसं वाचतात, ट्रेनिंग घेतलेले रीडर असतात, आणि ते आकड्यांबरोबर परिस्थितीही बघतात. आठवड्याला पंचवीस-तीस तास नोकरी करून काढलेला ३.५, घरी आजारी माणूस सांभाळून काढलेला, पहिल्या सेमेस्टरला घसरून मग चढत गेलेला, हे सगळं त्या पानांत दिसतं, दिसावं म्हणूनच ते रकाने आहेत. निबंध चार, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द, त्यातला एक मेजरच्या तयारीवर लिहावाच लागतो. भाषा किती सुंदर आहे याला तिथे मार्क नसतात, तुमच्याबद्दल माहिती काय मिळते ते बघतात. आपल्याकडच्या मुलांना फार वाटतं की माझं इंग्लिश साधं होतं म्हणून मी मागे पडेन. नाही पडणार.

एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघत नाहीत. शिफारसपत्रं साधारणपणे मागत नाहीत, तेव्हा न मागता कुणाचं पत्र पाठवू नका, ओळखीच्या प्रोफेसरना फोन करायला लावू नका. आईवडिलांना हे पटत नाही हे मला माहीत आहे, आपल्याकडे कुणाच्या तरी ओळखीने काम पुढे सरकतं ही सवय जुनी आहे, पण इथे त्याने काहीच होत नाही.

आणि एक दिलासा देणारी गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना युसी बाकी ट्रान्सफरवाल्यांच्या आधी प्राधान्य देते. १९६० च्या मास्टर प्लॅनपासून ही व्यवस्थाच अशी आखलेली आहे की ज्यांनी पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढली त्यांच्यासाठी पुढचं दार उघडं राहावं. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. म्हणजे तुम्ही मागच्या दाराने आत घुसायला बघताय असं नाहीये, हा रस्ता तुमच्यासाठीच बांधलाय. माझ्या आत्याने एकदा फोनवर विचारलं होतं की "चांगल्या कॉलेजात नाही मिळालं का म्हणून तिथे गेलीस?", मला ते फार लागलं होतं, आणि आज ज्यांना कुणी असं विचारत असेल त्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

आता हातात काय उरलंय

बरंच काही उरलंय. पहिलं काम आजच करा, प्रत्येक कॅम्पसचं स्वतःचं वेगळं पोर्टल असतं, त्याचा इमेल अ‍ॅप्लिकेशननंतर येतो आणि तो हमखास स्पॅममध्ये जातो. ज्या साइटवर अर्ज भरला तिथे निकाल दिसत नाही. सगळ्या पोर्टलमध्ये लॉगिन करून ठेवा, पासवर्ड एका वहीत लिहा, आणि प्रत्येक ठिकाणी चेकलिस्टमध्ये काही मागितलंय का बघा. कधीकधी एखादा कॅम्पस जास्तीची माहिती मागतो, त्याला मुदत असते, आणि नुसत्या न वाचलेल्या इमेलपायी चांगली फाइल मागे पडते.

जानेवारीचं अपडेट भरलंय ना? फॉलचे ग्रेड त्यातूनच त्यांना कळतात, कारण अर्ज करताना ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका, पाठवलेली नसते, सगळं तुम्ही स्वतः भरलेलं असतं. ग्रेड बदलला नसला तरी ते सबमिट करायचं. पुढे शिकताय तर काहीच बदललं नाही असं सहसा होत नाहीच.

अपडेटनंतर एखादा कोर्स ड्रॉप केला, किंवा डी वा एफ आला, तर ते कॅम्पसना कळवावंच लागतं. कळवायला भीती वाटते, माहीत आहे. माझ्याबरोबरच्या एका मुलीने फेब्रुवारीत स्टॅट्स ड्रॉप केलं आणि गप्प बसली, की आपणहून कशाला सांगा. एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला, पेढे वाटून झाले, आणि मग फायनल ट्रान्सक्रिप्ट गेल्यावर विचारणा आली. प्रवेश शेवटी टिकला तिचा, पण अख्खा जुलै इमेल लिहिण्यात आणि रडण्यात गेला. आधी दोन ओळी लिहिल्या असत्या, कोर्स का सोडला आणि त्याऐवजी काय घेतलंय, तर एवढं झालं नसतं. पोर्टलमध्ये यासाठी बहुतेक ठिकाणी फॉर्म असतो. साधं सरळ लिहा, गयावया नको.

भारतात थोडंफार शिकून आलेल्यांसाठी वेगळं सांगते. मी एफवाय पुण्यात केलं होतं, मार्क काही फार चांगले नव्हते. तेव्हा मला एका काउन्सेलरने सांगितलं की परदेशातलं टाकायची गरज नाही, राहू दे. मी जवळजवळ टाकलंच नव्हतं. मग अर्जाच्या सूचना दोनदा वाचल्या, तिथे स्वच्छ लिहिलेलं की बारावीनंतर जिथे जिथे नाव नोंदवलं ते सगळं दाखवायचं, परदेशातलंही, आणि मार्क आहेत तसे लिहायचे, आपल्या मनाने जीपीएत बदलून लिहायचे नाहीत. लपवलेलं नंतर सापडलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो. ज्यांनी हे टाकलेलं नाहीये आणि आता वाचून पोटात गोळा आला असेल त्यांनी आजच अ‍ॅडमिशन ऑफिसला लिहून कळवा. आज केलेली दुरुस्ती ही चूक सुधारणं आहे, ऑगस्टमध्ये त्यांना सापडलं तर तेच लपवणं होतं.

आणि चालू सेमेस्टरचा अभ्यास. हे ऐकायला कंटाळवाणं आहे पण सगळ्यात मोठी ताकद तुमच्याकडे हीच उरलीये. मिळणारा प्रत्येक प्रवेश अटींवर असतो, लिहिलेले कोर्स पूर्ण करायचे, जीपीए ठरावीक पातळीखाली जाऊ द्यायचा नाही, डी-एफ नको. एप्रिलभर पोर्टल उघडत बसून मेमध्ये कॅल्क्युलसला आपटलेली मुलं मी बघितलीयेत. क्वार्टरवाल्या कॉलेजातल्या मुलांची तर फायनल जूनच्या शेवटाकडे असते, बाकीचे सुटीवर गेलेले आणि आपण अजून अभ्यास करतोय, ते सांभाळायला जड जातं.

ज्यांनी टॅग केलंय, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, आणि ती मंजूर झालीये, त्यांनी जरा श्वास सोडा. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ हे सहाच कॅम्पस टॅग देतात आणि त्यातल्या एकाचंच घेता येतं. अटी पाळल्यात तर ती जागा तुमची आहे. निकाल इतरांबरोबरच येतो म्हणून अनिश्चित वाटतं, एवढंच. पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या धाकट्या भावंडांना सांगून ठेवा, टॅगचा फॉर्म सप्टेंबर महिन्यात भरायचा असतो, तो महिना गेला की गेला.

पोर्टलवर काय बदललं, आर्थिक मदतीचा टॅब उघडला का, कुठली लिंक दिसेनाशी झाली, यातून अर्थ काढायचा नाद मात्र सोडा. मी स्वतः तीन आठवडे हे केलं. रोज सकाळी उठून ब्रश करायच्या आधी फोन. एकदा एका पोर्टलवर हाउसिंगची लिंक दिसली, मी आईला फोन करून सांगितलं की मिळालं बहुतेक, आणि ती लिंक सगळ्यांनाच दिसत होती. आईला परत फोन करून सांगायचं जिवावर आलं होतं. नंतर मी ठरवलं, दिवसातून एकदा, संध्याकाळी पाच वाजता, बस. बाकी वेळ फोन स्वयंपाकघरात कुकरशेजारी ठेवायचे आणि अभ्यासाला दुसऱ्या खोलीत बसायचे.

निकालाच्या दिवशी

होकार आला तर आधी आनंद करा आणि मग अटींचं पान पूर्ण वाचा, त्याच दिवशी. सगळे निकाल आल्याशिवाय जागा पक्की करायची घाई नको, १ जूनपर्यंत वेळ आहे, आर्थिक मदतीची पत्रं शेजारी ठेवून ठरवा. पण युसीमध्ये एकाच ठिकाणी पक्कं करायचं असतं.

वेटलिस्ट आली तर ती आपोआप लागत नाही, "हो, मला राहायचंय" असं पोर्टलमध्ये सांगावं लागतं, आणि तेवढ्यात दुसरीकडे मिळालेली जागा १ जूनच्या आत पक्की करून ठेवायची. वेटलिस्टवर उभं राहून हातातलं सोडू नका, कृपा करून.

नकार आला तर अपील करता येतं, पण ते कधी करायचं ते समजून घ्या. मला वाईट वाटलं, मी खूप मेहनत केली होती, हे अपीलचं कारण होत नाही. अर्जात नसलेली नवीन आणि महत्त्वाची माहिती लागते, उदाहरणार्थ कॉलेजने चुकीचा ग्रेड लावला होता तो दुरुस्त झाला, किंवा एखादं आजारपण ज्याचा उल्लेखच राहिला होता. असं काही असेल तर मुदतीत आणि एका पानात लिहा. नसेल तर ती ताकद दुसरीकडे लावा. सीएसयूचे, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे पर्याय बघा, ट्रान्सफरची असोसिएट डिग्री असेल तर सीएसयूत कुठे ना कुठे जागा मिळायची हमी आहे. किंवा आणखी एक वर्ष थांबा. रेसिडेंट असाल तर कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात, राहिलेले मेजरचे कोर्स तिथे पूर्ण करून परत अर्ज करणारी आणि मिळवणारी मुलं असतात. नकार आला त्या रात्री मात्र कुठलाच निर्णय घेऊ नका. मी त्या रात्री पिठलं-भात केला, रूममेटने भांडी घासली, आणि आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. आजही तिच्याबद्दल त्या एका गोष्टीसाठी मला माया वाटते.

घरच्यांसाठी एवढंच, मुलाला रोज विचारू नका. आमच्याकडे असं ठरलं होतं की कळलं की मीच फोन करणार, कितीही वाजले असले तरी. डेव्हिसचा निकाल इथे संध्याकाळी पाचला बघितला तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच झाले होते, आई पहिल्याच रिंगला "बोल" म्हणाली. ती जागीच होती, आणि आठवडाभर तशीच जागी होती हे मला बाबांनी नंतर सांगितलं.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर जागा पक्की केल्यावर लगेच आत्ताच्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात जा, तुमचं सेव्हिस रेकॉर्ड (सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद) नव्या ठिकाणी कधी सोडायचं ती तारीख त्यांच्याशी बोलून ठरवा, नवीन आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) त्याशिवाय येत नाही. सुटीत भारतात जायचं असेल तर तिकीट काढायच्या आधी हे करा. आणि फायनल ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोचवायच्या असतात, जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक ठिकाणच्या. भारतातल्या कॉलेजची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट हातात पडायला किती आठवडे लागतात ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा निकालाची वाट बघत असतानाच, म्हणजे या आठवड्यात, घरच्या कुणालातरी तो अर्ज टाकायला सांगा, आणि दोन कॉपी मागवा.